बर्थ-डेथचं टेबल पहिल्यांदाच तुमच्याकडे आलं असेल तर

नर्सिंग होममध्ये नव्याने लागलेल्या माणसाच्या गळ्यात दोन कामं हमखास पडतात. एक मेडिक्लेमच्या फायली, दुसरं ‘बर्थ-डेथ’, म्हणजे दवाखान्यातल्या जन्म-मृत्यूंची सरकारी नोंद. पहिल्यात पैसे अडकलेले असतात, म्हणून त्याच्यामागे सगळे लागलेले असतात. दुसऱ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. ते जातं पंधरा-वीस वर्षांनी, जेव्हा कुणीतरी पासपोर्ट काढायला जातो आणि दाखल्यावर आईचं नाव भलतंच निघतं. तोवर फॉर्म भरणारा नोकरी सोडून गेलेला असतो.

हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये माझी बरीच वर्षं गेली. नव्या माणसाला शेजारी बसवून जे सांगायचो, तेच इथे लिहितोय. महाराष्ट्रातल्या खासगी दवाखान्यातला कारकून, सिस्टर किंवा नवा आरएमओ (निवासी डॉक्टर) डोळ्यांसमोर आहे.

नोंद कुणी करायची

“दाखला नगरपालिकेतून घ्या” हे नातेवाइकांना सांगणं बरोबर. “नोंद नगरपालिकेत जाऊन करा” हे चूक. हा फरक अनेक दवाखान्यांत अजून कळलेला नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमातलं कलम ८ स्पष्ट आहे. घरात जन्म किंवा मृत्यू झाला तर कुटुंबप्रमुखाने कळवायचं, तुरुंगात झाला तर जेलरने, आणि दवाखान्यात झाला तर तिथल्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याने किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या व्यक्तीने. ती अधिकार दिलेली व्यक्ती म्हणजे आता तुम्ही. तेव्हा पहिलं काम हे करा: डॉक्टरांकडून तसं लेखी पत्र घ्या आणि त्याची एक प्रत निबंधकांकडे, म्हणजे ही नोंद ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, देऊन पोच घ्या. तोंडी “तूच बघ” म्हटलेलं दोन वर्षांनी कुणाला आठवत नाही.

निबंधक कोण, हे हद्दीवर ठरतं. शहरात महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा जन्म-मृत्यू विभाग, गावात ग्रामसेवक. त्यांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय. हायवेच्या कडेला नवीन झालेली बरीच हॉस्पिटलं पत्त्यात शहराचं नाव लावतात, पण असतात शेजारच्या ग्रामपंचायतीत. घरपट्टी कुठे भरता ते अकाउंटला विचारा, म्हणजे नोंद कुठे जाणार ते कळेल.

दुसरा प्रश्न तुम्हाला रोज ऐकायला मिळेल: “आमचं गाव सातारा, नोंद तिकडे होईल ना?” नाही. जिथे घटना घडली तिथेच नोंद होते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे सासर एका जिल्ह्यात आणि नोंद दुसऱ्या जिल्ह्यात हे नेहमीचंच. कर्नाटकातल्या चिकोडी-रायबागकडची बाई मिरजेत बाळंत झाली तर नोंद मिरजेला, म्हणजे महाराष्ट्रात. सिंधुदुर्गातली बांबोळीला बाळंत झाली तर नोंद गोव्यात. नातेवाइकांना हे डिस्चार्जच्या दिवशीच समजावून सांगा. नाहीतर ते आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत खेटे घालतात आणि तिथे “नोंद आढळत नाही” असं ऐकून परत तुमच्याच दारात येऊन भांडतात.

कागद कोणते

तीन नमुने पाठ करा. नमुना १ जन्माचा, नमुना २ मृत्यूचा, नमुना ३ मृत जन्माचा. दवाखान्यात मृत्यू झाला की त्यासोबत नमुना ४ लागतो, म्हणजे मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र. घरी झालेल्या मृत्यूसाठी, त्या माणसावर उपचार करणारे डॉक्टर देतात तो ४ अ. पहिल्या तिन्ही नमुन्यांना दोन भाग असतात. कायदेशीर भाग नोंदवहीत जातो, सांख्यिकी भाग आकडेवारीसाठी. आईचं शिक्षण, लग्नाच्या वेळचं वय, बाळाचं वजन, गरोदरपणाचे आठवडे हे सगळं दुसऱ्या भागात येतं. हा भाग अंदाजे भरायची फार वाईट सवय आहे. सगळ्या आया दहावी पास आणि सगळी बाळं अडीच किलोची, असे गठ्ठे मी पाहिलेत. वजन केसपेपरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, ते बघायला अर्धा मिनिटही लागत नाही.

फॉर्म खाटेपाशी भरा

काउंटरवर बसून आत्याला किंवा मामाला विचारून फॉर्म भरू नका. वॉर्डात जा, आईजवळ बसा. आधार कार्ड किंवा जे ओळखपत्र असेल ते समोर ठेवा. आई-वडिलांचा आधार क्रमांक उपलब्ध असेल तर तो फॉर्ममध्ये घालायचा असतो, त्यामुळे कार्ड मागायला संकोच नको.

आईचं नाव ही सगळ्यात निसरडी जागा. समजा, माहेरचं नाव वैशाली, लग्नात बदललेलं नाव स्वरा. सासूबाई सांगणार स्वरा, आधारवर वैशाली आणि माहेरचं आडनाव, बँकेच्या पासबुकावर वैशाली पण सासरचं आडनाव. नवरा म्हणतो, “काहीही टाका हो, सगळं एकच.” एकच नसतं. सध्या कागदोपत्री जे चालू आहे ते लिहा, नाव बदलल्याचं राजपत्र असेल तर त्याप्रमाणे घ्या आणि आईला स्वतःला वाचायला द्या. महाराष्ट्रात दाखल्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही येतं, म्हणून इंग्रजी स्पेलिंगही तिच्याकडूनच कागदावर लिहून घ्या. विशालमधला ‘व’ व्हीने लिहायचा की डब्ल्यूने, दीक्षितमध्ये एक्स घालायचा की केएसएच, हे तुम्ही ठरवायचं नाही. मग खाली आई-वडिलांपैकी एकाची सही, तारखेसह. ही सही तुमची ढाल आहे. पुढे कुणी “हॉस्पिटलने चुकवलं” म्हणत आलं की हाच कागद दाखवायचा.

दुसरी निसरडी जागा तारीख. मंगळवारी रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी बाळ झालं तर तारीख बुधवारची. पण आजी सांगते मंगळवार, कारण पंचांगाने दिवस सूर्योदयाला बदलतो. लेबर रूममधली नाइटची सिस्टरही पुष्कळदा पानावर वरची जुनीच तारीख ठेवून खाली वेळ लिहिते. रात्री बारा ते सकाळी सात या वेळेतल्या प्रत्येक जन्माची आणि मृत्यूची तारीख मी केसपेपर, लेबर रूम रजिस्टर आणि बाळाच्या हातातला पट्टा अशा तीन ठिकाणी पडताळायचो. जन्मपत्रिकेसाठी त्यांना जे धरायचं ते धरू द्या, फॉर्मवर घड्याळ चालतं.

जुळं असेल तर दोन स्वतंत्र फॉर्म. कुठला कुणाचा ते रजिस्टरमधली वेळ आणि वजन पाहून लगेच लिहा, नंतर आईलाही सांगता येत नाही.

बारशाची वाट बघू नका

नाव ठरलेलं नसतं, बारसं बाराव्या दिवशी, कधी सव्वा महिन्याने. म्हणून फॉर्म ड्रॉवरमध्ये पडून राहतो, आणि एकवीस दिवसांची मुदत तिथेच मरते. नावाचा रकाना रिकामा ठेवून नोंद करता येते. नोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत पालकांनी नाव कळवलं तर निबंधक ते विनाशुल्क घालतात. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. मी डिस्चार्ज कार्डाला एक चिठ्ठी टाचायचो: नोंद कुठल्या कार्यालयात, नाव टाकायला काय न्यायचं. मात्र “बेबी ऑफ अमुक” हे नावाच्या रकान्यात लिहू नका. पोर्टलवर ते नाव म्हणूनच बसतं आणि मग शाळेच्या दाखल्यापर्यंत पोरगं ‘बेबी’च राहतं.

नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव हा क्रम हवा, अशी मागणी आता वाढली आहे. १ मे २०१४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शासकीय कागदपत्रांत आईचं नाव घालण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला, त्याचा हा परिणाम. जन्माच्या फॉर्ममध्ये मात्र बाळ, आई, वडील यांचे रकाने वेगवेगळे आहेत. त्या रकान्यांप्रमाणेच भरा आणि बाळाच्या नावाच्या रचनेबद्दल पालकांनी निबंधकांशी बोलावं हे बरं. काउंटरवर उभ्या उभ्या वाद घालून काही निघत नाही.

वडिलांचं नाव द्यायची आईची इच्छा नसेल, किंवा ती एकटी असेल, तर खोदून विचारू नका. एकल किंवा अविवाहित आईने जन्मदाखला मागितला तर तिच्याकडून फक्त प्रतिज्ञापत्र घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितलंय, आणि २०२३ च्या कायदादुरुस्तीत एकल पालकाचा उल्लेख आला आहे. आई अल्पवयीन असेल तर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी वेगळी आणि ती टळत नाही. पण त्यासाठी बाळाची नोंद अडवून ठेवायची नसते.

एका श्वासाचा प्रश्न

इथे थांबून नीट वाचा, कारण इथेच सगळ्यात जास्त नोंदी हरवतात. बाळ पूर्ण बाहेर आल्यावर त्याने एकदाही श्वास घेतला, किंवा जिवंत असल्याची दुसरी कुठलीही खूण दाखवली, तर तो जिवंत जन्म. दहा मिनिटांनी गेलं तरी नमुना १ आणि नमुना २ असे दोन्ही भरायचे, सोबत नमुना ४. गरोदरपणाचे अठ्ठावीस आठवडे पूर्ण झालेलं बाळ मेलेलंच जन्मलं तर नमुना ३. त्याआधीचा गर्भ गेला तर या नोंदवहीत काही येत नाही.

“कशाला दोन-दोन कागद, मृत जन्म दाखवून टाकू,” असं म्हणणारे लोक भेटतील. नातेवाईकही कधी तेच म्हणतात, आणि त्यांच्या मनाची अवस्था समजते. पण मेलेलं जन्मलं की जन्मून मेलं हे ठरवायचा अधिकार डॉक्टरांचा, तोही केसपेपरवर लिहून. तुमचा नाही, मामांचा नाही. केसपेपरवर अपगार (जन्मल्या जन्मल्या बाळाचा श्वास, ठोके बघून देतात ते गुण) दिलेला आणि फॉर्म नमुना ३ चा, असं जोडीने दिसलं तर फॉर्म परत करा.

बाळाला अतिदक्षता विभागासाठी दुसऱ्या शहरात हलवलं आणि ते तिथे गेलं, तर जन्माची नोंद तुमच्याकडून, मृत्यूची त्या हॉस्पिटलकडून. दोघंही समोरच्यावर ढकलतात आणि दोन्ही राहतात. जन्म तुमच्याकडे झालाय, तुमचा कागद गेलाच पाहिजे. १०८ च्या गाडीत बाळ झालं तर जन्मठिकाण म्हणून तुमच्या हॉस्पिटलचं नाव टाकू नका. चालत्या वाहनातल्या घटनेला वेगळा नियम आहे: वाहन पहिल्यांदा जिथे थांबतं तिथे ती कळवायची.

मृत्यूचा कागद

जन्माच्या फॉर्मला लोक पेढे घेऊन येतात. मृत्यूच्या वेळी समोरचा माणूस रात्रभर जागा असतो, बाहेर गाडी उभी असते, स्मशानासाठी कागद हवा असतो. घाई होते आणि तीच घाई नडते. मृताचं नाव ओळखपत्र बघून लिहा. दारू पिऊन झोपलेल्या भावाला उठवून वय विचारू नका, जन्मतारीख आधारवरून घ्या. तंबाखू, सुपारी, दारूचे रकाने फॉर्ममध्येच आहेत. ते विचारताना माणसं दुखावतात, म्हणून ते केसपेपरवरच्या हिस्टरीवरून घ्या, तिथे आधीच लिहिलेलं असतं.

नमुना ४ डॉक्टरच भरणार. पण तो रिकामा किंवा अर्धवट तुमच्याकडे आला तर परत पाठवायची हिंमत ठेवा. त्यात सगळ्यात मोठी चूक म्हणजे “हृदयक्रिया बंद पडून”. प्रत्येक माणूस हृदय बंद पडूनच मरतो. ती मरण्याची रीत झाली, कारण नव्हे. पहिल्या भागात वरून खाली एक साखळी लिहायची असते. उदाहरण घ्या: साठीची बाई, पंधरा वर्षांचा मधुमेह, पायाला गँगरीन, संसर्ग रक्तात पसरला, गेली. तर ‘अ’ ओळीत जंतुसंसर्गाने आलेला शॉक, एक दिवस. ‘ब’ ओळीत पायाचं गँगरीन, बारा दिवस. ‘क’ ओळीत मधुमेह, पंधरा वर्षं. तिला रक्तदाबही होता, पण तो या साखळीत नाही, म्हणून तो दुसऱ्या भागात. सगळ्यात खालची ओळ हे मूळ कारण, राज्याची आणि देशाची आकडेवारी त्यावर चालते. शेजारचा कालावधीचा रकाना बहुतेक डॉक्टर मोकळा सोडतात. तो भरला की साखळी उलटी लागली असेल तर लगेच दिसते, कारण वरचा आकडा खालच्यापेक्षा मोठा येतो. डॉक्टर नसलात तरी एवढं तुम्ही पकडू शकता. बाई गरोदर होती का हा रकानाही सुटता कामा नये.

नमुना ४ ची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला विनाशुल्क द्यायची, हे २०२३ च्या दुरुस्तीपासून कायद्यातच आहे. ती देताना सांगा, “हा जपून ठेवा, झेरॉक्स काढा.” कारण नगरपालिकेच्या मृत्यू दाखल्यावर मृत्यूचं कारण छापलं जात नाही, तसं कायद्यानेच मना आहे. कोविडनंतर पन्नास हजारांच्या सानुग्रह मदतीसाठी माणसं हाच कागद शोधत आमच्या रेकॉर्ड रूमच्या पायऱ्यांवर बसून असायची. दाखला हातात होता, त्यावर कोविडचा शब्दही नव्हता.

अपघात, विषबाधा, जळीत, संशयास्पद मृत्यू असेल तर आधी पोलीस. शवविच्छेदन आणि पंचनामा होतो, मृत्यूचं कारण कधी राखून ठेवलं जातं. मृत्यूचा प्रकार या रकान्यात ‘तपास प्रलंबित’ लिहिता येतं, पण व्हिसेऱ्याचा अहवाल येईपर्यंत नोंदच करायची नाही असं नाही. मेलेल्या अवस्थेत आणलेल्या माणसाला मात्र तुमच्याकडचा मृत्यू म्हणून नमुना ४ देऊ नका. ओळखीचा असो, नगरसेवकाचा फोन असो. ज्याच्यावर उपचारच केले नाहीत त्याचं कारण तुमचे डॉक्टर कशावरून लिहिणार?

एकवीस दिवस, आणि त्यानंतर

माहिती नागरी नोंदणी प्रणालीच्या पोर्टलवर हॉस्पिटलच्या लॉगिनमधून भरली जाते, निबंधक ती तपासून मंजूर करतात. पासवर्ड एकाच माणसाच्या मोबाईलवर ठेवू नका. लॉगिन असलेली मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिच्याच बाळाची नोंद महिनाभर रखडली, हे मी पाहिलंय.

मुदत घटनेपासून एकवीस दिवसांची. नोंद झाली की सात दिवसांत दाखला मिळायला हवा, पहिली प्रत विनामूल्य. एकवीस ते तीस दिवसांत विलंब शुल्क लागतं. तीस दिवसांपासून वर्षापर्यंत जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी. वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यासाठी प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश, आणि २०२५ पासून राज्यात अशा उशिराच्या अर्जांची छाननी फार कडक झाली आहे. त्या कचेरीत पहिला प्रश्न येतो तो हॉस्पिटलच्या कागदाचा. म्हणून लेबर रूमचं रजिस्टर रद्दीत घालू नका, कितीही जुनं असो. दंडाची रक्कम छोटी आहे, तिला घाबरून कुणी काम करत नाही. पण १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, आधार, मतदारयादी, पासपोर्ट या सगळ्यासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. शाळेच्या दाखल्यावर निभावून न्यायची जुनी सोय त्यांना नाही.

चूक लक्षात आली तर

निबंधकांनी नोंद मंजूर करण्याआधी सापडली तर त्यांना फोन करून परत मागवा, पाच मिनिटांचं काम. मंजूर झाल्यावर मूळ नोंद कुणी खोडत नाही. कलम १५ खाली समासात दुरुस्तीची टीप येते, सही-तारखेसह. त्यासाठी नातेवाइकांना तुमचं पत्र लागतं. ते देताना “क्लेरिकल मिस्टेक” एवढंच मोघम लिहू नका. इनडोअर क्रमांक, रजिस्टरचं पान, मूळ फॉर्मवर काय होतं आणि पोर्टलवर काय गेलं ते लिहा आणि केसपेपरची साक्षांकित प्रत जोडा. चूक आपली असेल तर आपली म्हणा. आपली नसेल तर सहीचा तो कागद जोडा. पण जन्माचं वर्ष बदलून हवंय, क्रिकेटच्या संघात बसवायचंय म्हणून, असा कुणी आला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

दर सोमवारी सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधी लेबर रूमचं रजिस्टर, वॉर्डाचं डेथ रजिस्टर आणि पोर्टलवरची यादी शेजारी शेजारी ठेवा. ज्या ओळीची पोच आली तिच्यासमोर लाल पेनाने नोंदणी क्रमांक. ज्या ओळीसमोर लाल आकडा नाही, ती त्या आठवड्याची तुमची कामं.